पंढरीचे महाद्वार

सोलापूर शहराच्या पश्चिमेस सुमारे सत्तर किलोमीटरांवर, भीमा नदीच्या उजव्या तीरावर पंढरपूर हे गाव वसलेले आहे. भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावलेली भीमा अनेक वळणे घेत येथवर येते आणि गावाजवळ चंद्रकोरीसारखी वाकते. म्हणून येथे तिला चंद्रभागा असे नाव मिळाले आहे. नदीच्या काठाने घाटांची रांग आहे. त्यांपैकी महाद्वार घाट चढून अरुंद रस्त्याने थोडे पुढे गेले, की समोर विठ्ठलमंदिराचे पूर्वेकडील मुख्य द्वार दिसते. हेच ते महाद्वार होय. महाराष्ट्रातील लक्षावधी माणसांनी ज्या दारापुढे शतकानुशतके मस्तक नमविले, त्या दाराची कथा ही एका अर्थी महाराष्ट्राचीच कथा आहे.

पंढरपूरच्या देवाला विठ्ठल, विठोबा, पांडुरंग, पंढरीनाथ अशी अनेक नावे आहेत. परंतु वारकऱ्याला सर्वांत गोड वाटते ते ‘विठाई माउली’ हे नाव. देवाला आई म्हणून हाक मारावी, अशी या संप्रदायाची रीत आहे. देवाची मूर्ती काळ्या पाषाणाची असून ती विटेवर समचरण उभी आहे. दोन्ही हात कमरेवर आहेत, कानांत मत्स्याकार कुंडले आहेत आणि गळ्यात तुळशीची माळ आहे. या देवाच्या हाती कोणतेही शस्त्र नाही. कोणावर रागावलेला, कोणाशी लढणारा असा हा देव नव्हे. तो केवळ वाट पाहत उभा आहे.

तो कोणाची वाट पाहत उभा राहिला, याविषयी एक कथा सांगतात. पुंडलिक नावाचा एक तरुण आपल्या वृद्ध आईवडिलांची मनोभावे सेवा करीत असे. त्याची सेवा पाहून प्रसन्न झालेला देव त्याच्या दारी आला. त्या वेळी पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपीत होता. सेवा अर्धवट टाकून उठणे त्याला रुचेना. त्याने जवळ पडलेली एक वीट देवाकडे सरकविली आणि सेवा संपेपर्यंत तिच्यावर उभे राहण्याची विनंती केली. देव कमरेवर हात ठेवून विटेवर उभा राहिला, तो आजतागायत तसाच उभा आहे, असे भाविक मानतात. पुंडलिकाचे मंदिर चंद्रभागेच्या पात्रात आहे. यात्रेकरू प्रथम नदीत स्नान करतो, मग पुंडलिकाचे दर्शन घेतो आणि त्यानंतर विठ्ठलाच्या भेटीस जातो. देवाच्याही आधी आईवडिलांची सेवा करणाऱ्या पुत्राला वंदन करावे, असा हा क्रम आहे.

कथा भक्तिभावातून जन्माला येते. इतिहास मात्र दगडावरील अक्षरांतून आणि जुन्या कागदांतून शोधावा लागतो. पंढरपूरच्या मंदिराविषयी असे काही शिलालेख उपलब्ध आहेत. इ. स. ११८९ मधील एका लेखावरून यादव राजा भिल्लम याच्या काळात येथे विठ्ठलाचे देऊळ होते, हे कळते. इ. स. १२३७ मधील लेखात होयसळ वंशातील राजा सोमेश्वर याने विठ्ठलाला एक गाव दान दिल्याची नोंद आहे. होयसळांचे राज्य कर्नाटकात होते. तेव्हा त्या काळीही विठ्ठल हा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांच्या लोकांचा देव होता, हे या लेखावरून ध्यानात येते. आजही आषाढी-कार्तिकीला कर्नाटकातून असंख्य भाविक पंढरपुरास येतात.

यांहून अधिक प्रसिद्ध असा लेख मंदिरातच आहे. तो चौऱ्यांशीचा शिलालेख या नावाने ओळखला जातो. इ. स. १२७३ ते १२७७ या काळात, यादव राजा रामदेवराव याच्या कारकिर्दीत, मंदिराला ज्यांनी दाने दिली त्यांची नावे आणि दिलेल्या रकमा त्यावर कोरलेल्या आहेत. रामदेवरावाचा विद्वान प्रधान हेमाद्री याचेही नाव त्यात आढळते. राजापासून सामान्य माणसापर्यंत अनेकांच्या देणग्यांतून हे देवस्थान उभे राहिले, याची साक्ष हा दगड देतो. पुढे लोकांना त्यावरील मजकुराचा विसर पडला. या शिळेला पाठ घासली असता चौऱ्यांशी लक्ष जन्मांचा फेरा चुकतो, अशी समजूत पसरली. शेकडो वर्षे हजारो पाठी त्या दगडावर घासल्या गेल्या आणि त्यावरील पुष्कळ अक्षरे झिजली. विद्वानांनी मोठ्या परिश्रमाने उरलेली अक्षरे वाचली, म्हणून त्या शिळेचे खरे मोल कळले. ज्या वस्तूचा आपण आदर करतो ती नीट जाणूनही घेतली पाहिजे, हा धडा या शिळेपासून मिळतो.

ज्या काळी ही दाने कोरली जात होती, त्याच काळी महाराष्ट्रात एका नव्या युगाचा आरंभ होत होता. इ. स. १२७० मध्ये नामदेवांचा जन्म झाला आणि १२७५ मध्ये ज्ञानेश्वरांचा. संस्कृत भाषेत बंदिस्त असलेले ज्ञान ज्ञानेश्वरांनी मराठीत आणले. नामदेवांनी कीर्तनाच्या द्वारे विठ्ठलभक्ती घरोघर नेली. ते उत्तरेकडे थेट पंजाबापर्यंत गेले. शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहेब या पवित्र ग्रंथात नामदेवांची एकसष्ट पदे समाविष्ट आहेत. पंजाबातील घुमान या गावी त्यांचे स्मारक आहे.

या दोघांच्या भोवती चंद्रभागेच्या वाळवंटात संतांचा एक मेळाच जमला. त्यात गोरा कुंभार होते, सावता माळी होते, नरहरी सोनार होते, सेना न्हावी होते. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई होती.  कोणी चाकावर मडकी घडवीत होता, कोणी मळ्याला पाणी देत होता, तर कोणी जात्यावर बसून दळत होती; आणि हे सर्वजण आपल्या रोजच्या कामाच्या शब्दांतच अभंग रचीत होते. देवाच्या प्राप्तीसाठी संसार सोडून अरण्यात जाण्याचे कारण नाही, प्रामाणिकपणे काम करीत असतानाही नाम घेता येते, हा विचार त्यांनी आपल्या जगण्यातून मांडला. वाळवंटात ते एकमेकांच्या पाया पडत. तेथे लहानमोठा हा भेद उरत नसे.

परंतु वाळवंट ओलांडून महाद्वारापाशी आले, की हा भेद पुन्हा उभा राही. याचे सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे संत चोखामेळा यांचे. चोखोबा महार जातीत जन्मलेले होते. त्या काळी या जातीला अस्पृश्य मानीत असत. त्यांना मंदिरात पाऊल टाकण्याची परवानगी नव्हती. गावकुसाबाहेर राहावे, मेहनतीची कामे करावीत आणि देवाचे दर्शन दुरूनच घ्यावे, असे त्यांच्या वाट्याला आले होते. तरीही त्यांची भक्ती ढळली नाही. आपल्या मनातील व्यथा त्यांनी अभंगांत सांगितली. बाहेरचा आकार आणि आतला गुण यांत फरक असतो, हे त्यांनी लोकांना समजावून दिले. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा आणि मुलगा कर्ममेळा यांनीही अभंगरचना केली. ज्या घराला मंदिराचे दार बंद होते, त्या घरातील चारही माणसांनी मराठी भाषेला अभंग दिले.

इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढे येथे गावकुसाच्या भिंतीचे काम चालू होते. त्या कामावर चोखोबा मजुरी करीत होते. अचानक भिंत कोसळली आणि तिच्याखाली अनेक मजुरांसह चोखोबाही गाडले गेले. ही वार्ता कळताच नामदेव मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यातील ज्या अस्थींमधून विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकू आला त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्यांनी त्या पंढरपुरास आणल्या, अशी परंपरागत कथा आहे. त्या अस्थींवर महाद्वारासमोर समाधी बांधण्यात आली. नामदेवांनीही आपल्याला त्याच दाराची पायरी होता यावे, येणाऱ्याजाणाऱ्या भक्तांची चरणधूळ आपल्या मस्तकी लागावी, अशी इच्छा धरली. म्हणून महाद्वाराच्या पहिल्या पायरीला नामदेवाची पायरी म्हणतात. भाविक त्या पायरीवर पाय देत नाहीत. तेथे डोके टेकवून मगच पुढे जातात. दाराच्या बाहेर चोखोबा आणि दाराच्या पायरीशी नामदेव, असे हे दोन मित्र तेथे विसावले आहेत.

पुढील काळात मंदिरावर अनेक संकटे आली. राज्ये बदलली, युद्धे झाली. संकटाच्या वेळी विठ्ठलाची मूर्ती सुरक्षित स्थळी हलविली जाई आणि शांतता होताच ती परत आणली जाई. एकदा विजयनगरच्या राजाने मूर्ती आपल्या राजधानीस नेली आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती पंढरपुरास परत आणली, अशी कथा वारकऱ्यांमध्ये आदराने सांगितली जाते. औरंगजेबाच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूर्ती पंढरपूरजवळच्या देगावी ठेवली होती, असेही सांगतात. मराठ्यांच्या राज्यात पंढरपूरला पुन्हा बरे दिवस आले. सरदारांनी आणि सावकारांनी घाट, वाडे, धर्मशाळा व मठ बांधले. अहल्याबाई होळकर यांनी बांधविलेला वाडा आजही तेथे आहे. आजचे मंदिर हे एकाच काळातील बांधकाम नसून निरनिराळ्या शतकांत त्यात भर पडत गेली आहे.

पंढरपूरचे खरे वैभव मात्र दगडी बांधकामात नाही. ते वारीत आहे. ठरलेल्या तिथीला, ठरलेल्या वाटेने, नेमाने पंढरपुरास जाणे म्हणजे वारी. आणि जो वारी करतो तो वारकरी. वर्षात आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार मोठ्या यात्रा भरतात. त्यांत आषाढी एकादशीची यात्रा सर्वांत मोठी असते. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो, कपाळी गोपीचंदनाचा टिळा आणि बुक्का लावतो, एकादशीचा उपवास करतो, मद्यमांस वर्ज्य करतो. त्याला यापेक्षा अधिक अवघड असे व्रत करावे लागत नाही.

वारीची परंपरा ज्ञानेश्वरांच्याही पूर्वीची आहे. संतांच्या पादुका पालखीत ठेवून, मोठ्या समुदायाने वाटचाल करण्याची प्रथा मात्र नंतरची. तुकाराममहाराजांचे पुत्र नारायणमहाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये ती सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतरावबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीला शिस्तबद्ध सोहळ्याचे रूप दिले. ते सातारा जिल्ह्यातील आरफळ गावचे. पूर्वी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. सैन्याच्या तळावरील शिस्त त्यांनी वारीत आणली. आळंदीच्या मंदिराच्या महाद्वारात त्यांच्या नावाची पायरी आहे.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते. पुण्यापर्यंत आल्यावर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ज्ञानोबांची पालखी दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर अशी जाते, तर तुकोबांची लोणी, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज या मार्गाने. पंढरपूरजवळच्या वाखरी गावी निरनिराळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. म्हातारी माणसे, अंगाखांद्यावर लेकरे घेतलेल्या स्त्रिया, तरुण शेतकरी हे सारे अंतर पायी चालून जातात. पेरणी आटोपून निघावे, वाटेत पाऊस लागावा आणि हिरवे शिवार पाहत पुढे जावे, असा शेतकऱ्याचा मनोरथ असतो.

वाटेने चालणाऱ्या वारकऱ्यांच्या गटाला दिंडी म्हणतात. दिंडीच्या अग्रभागी भगव्या पताका घेतलेले वारकरी असतात. त्यांच्यामागे टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग वाजविणारा आणि वीणा धारण करणारा, आणि मागे डोक्यावर तुळशीवृंदावन व पाण्याचे हंडे घेतलेल्या स्त्रिया. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो आणि तिने आपली जागा सोडावयाची नसते. सर्व वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणून हाक मारतात. वयाने लहान असो की मोठा, स्त्री असो की पुरुष, संबोधन एकच.

संध्याकाळी पालखी मुक्कामी पोहोचली, की समाजआरती होते. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. इतक्यात चोपदार आपला दंड उंच करतो आणि क्षणात सर्वत्र शांतता पसरते. मग वाटेत हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची माहिती पुकारली जाते. एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, तर ती दिंडी टाळ थांबवीत नाही. तो नाद ऐकून चोपदार तिच्याजवळ जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो आणि त्याचा निवाडा होतो. एवढ्या मोठ्या जनसमुदायात गाऱ्हाणे मांडण्याची ही किती साधी आणि सभ्य रीत आहे!

वाटेत काही ठिकाणी रिंगण होते. मोकळ्या मैदानात वारकरी मोठे वर्तुळ करून उभे राहतात आणि मध्ये राखलेल्या वाटेने माउलींचा घोडा दौडत जातो. त्यावर स्वार नसतो. प्रत्यक्ष ज्ञानेश्वरमहाराज त्यावर आरूढ आहेत, असे मानतात. घोडा गेला, की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी सर्वांची धावपळ उडते. मग फुगड्या, हुतुतू, मनोरे असे खेळ रंगतात. एरवी गंभीर असणारे वृद्धही त्या वेळी लहान मुलांसारखे खेळतात.

आषाढ शुद्ध दशमीला पालख्या पंढरपुरात प्रवेश करतात. एकादशीच्या पहाटे विठ्ठलाची शासकीय महापूजा होते. राज्याचे मुख्यमंत्री सपत्नीक पूजेस बसतात आणि दर्शनाच्या रांगेतील एका वारकरी दांपत्याला त्यांच्या शेजारी बसण्याचा मान मिळतो. या दिवसांत गावात पाय ठेवावयास जागा नसते. दर्शनाच्या रांगेला ‘बारी’ म्हणतात. एकादशीच्या सुमारास बारीत कित्येक तास, क्वचित दिवसाहूनही अधिक काळ उभे राहावे लागते. ज्यांना तेवढा वेळ नसतो ते मंदिराच्या कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने घरी परततात.

मंदिरात शिरल्यावर सभामंडप, त्यापुढे सोळा खांबांचा सोळखांबी मंडप, मग चार खांबांचा चौखांबी मंडप आणि शेवटी गाभारा लागतो. सोळखांबीत चांदीच्या पत्र्याने मढविलेला गरुडखांब आहे. देवाच्या भेटीपूर्वी भाविक त्या खांबाला कडकडून मिठी मारतात. गाभाऱ्यात देवाच्या पायांवर डोके ठेवता येते. पंढरीच्या दर्शनाचे हेच वैशिष्ट्य होय. क्षणभराचाच तो स्पर्श. परंतु त्यासाठी माणसे शेकडो कोस चालून येतात. रुक्मिणीमातेचे मंदिर याच आवारात विठ्ठलमंदिराच्या मागील बाजूस आहे.

इतर दिवशी पहाटेच्या काकडआरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत देवाचे नित्योपचार ठरलेले असतात. यात्रेच्या काळात मात्र देवाच्या शेजघरातील पलंग काढून ठेवतात. लेकरे दुरून भेटीस आलेली असताना माउलीने झोपावे कसे? म्हणून या दिवसांत मंदिर रात्रंदिवस उघडे राहते. उभे राहून देव थकेल, म्हणून त्याच्या पाठीशी मऊ लोड देतात. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि यात्रेची सांगता होते. नंतर प्रक्षाळपूजा करून देवाला स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवितात आणि पलंग पुन्हा जागेवर ठेवतात. देवाविषयीची ही माया पाहिली, की त्याला आई का म्हणतात हे कळते.

अशा या मायाळू देवाचे दार मात्र चोखोबांच्या जातीतील माणसांना पुढे सहाशे वर्षे बंदच राहिले. दिंडीत सर्व माउली. पण मंदिराच्या पायरीशी काहींनी थांबावयाचे, हा अन्याय अनेकांना सलत होता. तो दूर करण्यासाठी साने गुरुजी पुढे आले. गुरुजींचे संपूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. ते मुलांचे लाडके लेखक आणि स्वातंत्र्यलढ्यातील सैनिक होते. विठ्ठलाचेच नाव धारण करणाऱ्या या माणसाला विठ्ठलाचे बंद दार पाहवेना.

गुरुजींनी प्रथम लोकांची मने वळविण्याचे ठरविले. त्यांनी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. गावोगाव सभा घेतल्या, विहिरी व मंदिरे सर्वांना खुली करण्याचे आवाहन केले. अनेक गावांनी त्यांची हाक ऐकली. पंढरपूरच्या मंदिराचे पुजारी असलेल्या बडव्यांचा मात्र विरोध कायम होता. अखेर १ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात उपोषणास आरंभ केला. त्यांना गावात जागा देण्यास लोक कचरत असताना तनपुरेमहाराजांनी आपला मठ त्यांना मोकळा करून दिला. मे महिन्याचा कडक उन्हाळा होता. गुरुजींची प्रकृती खालावत चालली. त्यांच्याविषयीची चिंता आणि त्यांच्या मागणीविषयीची चर्चा घरोघर चालू झाली. गणेश वासुदेव मावळंकर यांनी मध्यस्थी केली. मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाल्यावर, सुमारे दहा दिवसांनंतर गुरुजींनी उपोषण सोडले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी पंढरीचे महाद्वार उघडले. १९५० मध्ये अमलात आलेल्या भारताच्या संविधानाने तर अस्पृश्यताच नष्ट केली.

गुरुजींनी कोणावर हात उगारला नाही, कोणाचा द्वेष केला नाही. ज्यांनी विरोध केला त्यांनाही ते आपलेच मानीत. सहा शतकांपूर्वी चोखोबांनी जो प्रश्न अभंगांतून विचारला होता, त्याचे उत्तर देण्यासाठी त्यांनी स्वतःचे प्राण पणास लावले.

त्यानंतरही मंदिराच्या व्यवस्थेत बदल होत गेले. १९७३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पंढरपूर मंदिराविषयी कायदा केला. बडवे, उत्पात इत्यादी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांविषयी दीर्घकाळ न्यायालयात वाद चालला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो संपुष्टात आला. आता मंदिराचा कारभार समिती पाहते. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे पायी वारी होऊ शकली नाही, तेव्हा संतांच्या पादुका एसटीच्या बसमधून मोजक्या लोकांसह पंढरपुरास आणण्यात आल्या. लक्षावधी वारकऱ्यांनी त्या वर्षी घरीच टाळ वाजविले. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून देवदर्शन घेणे त्यांना मान्य नव्हते. २०२४ मध्ये मंदिराचे जुने रूप परत आणण्याचे काम चालू असताना एक तळघर आढळले आणि त्यात काही जुन्या मूर्ती मिळाल्या. या प्राचीन वास्तूच्या पोटात अजूनही इतिहास दडलेला आहे.

चंद्रभागेचे पाणी स्वच्छ राखणे, वाटेवर केरकचरा होऊ न देणे, लाखोंच्या गर्दीत रोगराई पसरणार नाही याची काळजी घेणे, ही आजच्या यात्रेपुढील कामे आहेत. अनेक तरुण वारीच्या मार्गावर स्वच्छतेसाठी आणि वैद्यकीय मदतीसाठी झटतात. थकलेल्या वारकऱ्याचे पाय चेपणारा तरुण पाहिला, म्हणजे पुंडलिकाची आठवण होते.

आजही यात्रेकरू महाद्वारासमोर येतो, तेव्हा तो आधी चोखोबांच्या समाधीपुढे वाकतो, मग नामदेवांच्या पायरीवर डोके टेकवितो आणि नंतरच विठ्ठलाकडे वळतो. ज्यांना एके काळी या दारातून आत जाण्याची मनाई होती, त्यांना वंदन केल्यावाचून आता कोणाचेही दर्शन पूर्ण होत नाही.